शुगरच्या पट्ट्यांचा खर्च: मशीन घेण्यापासून सुई टाकण्यापर्यंत

घरी बोटातून शुगर पाहायची मशीन, म्हणजे ग्लुकोमीटर, एकदाच घ्यावी लागते, पट्ट्या मात्र जन्मभर लागतात. तरी मेडिकलवर गेल्यावर बहुतेक जण मशीन स्वस्त कोणती तेवढंच विचारतात, आणि पट्टीचा भाव दुसरा डबा घ्यायला गेल्यावर कळतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजाकडच्या आमच्या भागात शेजारपाजारच्या घरांनी हा खर्च मिळून आवरला. त्यात जे समजलं ते सगळं इथं लिहितो आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं: पैसा पट्टीच्या भावात जातो त्याहून जास्त खराब झालेल्या पट्ट्यांत आणि उगाच केलेल्या तपासण्यांत जातो. पण सुरुवात भावापासूनच करावी लागते, कारण एकदा मशीन घेतली की तिच्याच पट्ट्या घेणं आलं. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पट्ट्याही बऱ्याचदा वेगळ्या असतात.

म्हणून मशीन पाहण्याआधी पट्टीच्या डब्याची किंमत भागिले पट्ट्यांची संख्या, एवढा हिशोब करा. देशी कंपन्यांची पट्टी साधारण १० ते १२ रुपयांना पडते, परदेशी मोठ्या कंपन्यांची १८ ते २५ रुपयांना. रोज एक पट्टी धरली तर २० रुपयांच्या पट्टीने वर्षाला ७,३०० रुपये होतात, ११ रुपयांच्या पट्टीने ४,०१५. पुढची दहा वर्षं हा फरक पडत राहणार. त्यापुढे ‘मशीन फुकट’ या ऑफरला काहीच अर्थ उरत नाही. मशीनच्या किमतीवर सरकारने २० जुलै २०२१ पासून व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा घातली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशीन आणि पट्ट्या दोन्हींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी छापलेला डबा दुकानात पडून असेल तर त्यावर जुनी एमआरपी दिसेल, तेव्हा नव्या कराने किती होतात ते विचारून घ्या.

स्वस्त पट्टी म्हणजे खोटा आकडा, ही भीती खेड्यात फार आहे. पाहायचं ते हे की खोक्यावर किंवा आतल्या कागदावर आयएसओ १५१९७:२०१३ लिहिलेलं आहे का. हे मशीनच्या अचूकपणाचं आंतरराष्ट्रीय माप आहे. या मापाप्रमाणे १०० च्या खालची शुगर असेल तर शंभरातले किमान ९५ आकडे लॅबच्या १५ अंक इकडे-तिकडे यायला हवेत, आणि १०० किंवा त्यावर असेल तर १५ टक्के इकडे-तिकडे. म्हणजे लॅबमध्ये २०० असताना मशीनने १७२ किंवा २२८ दाखवलं तर मशीन बिघडलेली नाही. हे ठाऊक नसलं की माणूस १७२ आला म्हणून लगेच दुसरी पट्टी लावतो, मग १९०, मग तिसरी. तीन पट्ट्या गेल्या आणि हाती काही नवं आलं नाही.

मशीन निवडताना आणखी तीन गोष्टी पाहा. पहिली, पट्टी तालुक्याच्या किमान दोन दुकानांत मिळते का. एकाच दुकानात मिळत असेल तर माल संपल्यावर वर्धा किंवा अमरावती गाठावी लागते आणि बसभाड्यात बचत जाते. दुसरी, कोड घालावा लागतो का. जुन्या मॉडेलमध्ये प्रत्येक डब्यासोबत चिप किंवा आकडा येतो, आणि तो बदलायचा राहिला तर आकडे चुकतात. घरात म्हातारं माणूस एकट्याने शुगर पाहणार असेल तर बिनकोडचीच मशीन घ्या. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त पैशाची आहे: झाकण उघडल्यावर पट्ट्या किती दिवस चालतात. पुष्कळ कंपन्यांच्या पट्ट्या उघडल्यापासून तीन महिने चालतात, काहींच्या सहा, काहींच्या छापील मुदतीपर्यंत. हे डबीच्या लेबलवर किंवा आतल्या कागदावर बारीक अक्षरात असतं. आठवड्यातून दोनदाच शुगर पाहणाऱ्याने ५० ची एकच डबी घेतली आणि ती तीन महिन्यांची असली, तर २५ च्या आसपास पट्ट्या फेकाव्या लागतात. त्याने २५ चीच डबी घ्यावी, किंवा ५० च्या खोक्यात २५-२५ च्या दोन वेगळ्या सीलबंद डब्या आहेत का ते पाहावं. एकेक पट्टी स्वतंत्र पाकिटात येते असेही काही प्रकार आहेत. क्वचित तपासणाऱ्याला ते थोडे महाग असले तरी परवडतात. डबी उघडली त्या दिवशीच तारीख पेनाने लेबलवर टाका.

खरेदीचं म्हणाल तर ऑनलाइन डबा बहुधा गावच्या मेडिकलपेक्षा स्वस्त दिसतो. पण मेडिकलवाल्याला दोन-तीन घरांची मिळून मागणी सांगितली तर तोही एमआरपीवर सूट देतो, आणि मुदत संपत आलेला डबा बदलूनही देतो. कुरिअरवाला ते करत नाही. एप्रिल-मे-जूनमध्ये मात्र कुरिअरने पट्ट्या मागवू नका. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि पार्सल पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, मग गाडीच्या डिकीत दिवस-दिवस पडून असतं. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात. वरून डबी कोरी करकरीत दिसते, आतली रसायनं मात्र गेलेली असतात. उन्हाळ्याचा साठा फेब्रुवारीतच, मुदत पाहून, घेऊन ठेवलेला बरा. जनऔषधीच्या यादीत ग्लुकोमीटरही आहे. प्रत्येक केंद्रात तो आणि त्याच्या पट्ट्या असतातच असं नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून दोन्ही आहेत का ते विचारा. गोळ्या तिथून घेतल्या तर जी बचत होते तीही पट्ट्यांकडे वळवता येते.

आता ठेवण्याचं. पट्टीला मारणाऱ्या गोष्टी दोन, ऊन आणि ओल. डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्ट्या त्याच डबीत राहायला हव्यात. पाच पट्ट्या कागदात गुंडाळून वावरात न्यायच्या, पाच लेकीकडे पाठवायच्या, हे करू नका. पट्टी काढली की झाकण टक् वाजेपर्यंत लगेच दाबायचं. बोट टोचायचं, पट्टी लावायची, आकडा पाहायचा, वहीत लिहायचा आणि मग झाकणाची आठवण, असं झालं की पावसाळ्यात उरलेल्या पट्ट्यांना ओल लागते. फ्रिजमध्येही ठेवायच्या नाहीत. बाहेर काढल्यावर गार डबीत दमट हवा शिरते आणि पाणी धरतं. उन्हाळ्यात आमच्याकडे डबी घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात घालून मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगतच्या कोनाड्यात ठेवतात. स्लॅबच्या घरात वरच्या फळीवर आणि खालच्या फळीवर मे महिन्यात चांगलाच फरक असतो, म्हणून खालची फळी. टीव्हीवर, फ्रिजच्या डोक्यावर, चुलीच्या भिंतीला आणि मोटारसायकलच्या डिकीत कधीच नाही. माठाजवळ गारवा असतो पण ओलही असते, तिथंही नको.

मशीनलाही तापमानाची मर्यादा आहे, बहुतेकींना १० ते ४० अंश. भर दुपारी ओसरीत मशीन लावली तर पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह येतं किंवा एरर येतो, आणि कधी पट्टी वाया जाते. आत सावलीत वीस मिनिटं ठेवून मग लावा.

प्रत्यक्ष तपासणीत पट्ट्या कुठं वाया जातात ते जवळून पाहिलं की ठरावीक जागा दिसतात. पहिली जागा क्रम. माणूस आधी पट्टी मशीनमध्ये घालतो, मग बोट टोचायच्या पेनात सुई बसवायला लागतो, मग कापूस शोधतो, आणि तेवढ्यात मशीन बंद होते. उलट करा. आधी पेनात सुई भरून पेन ताणून ठेवा, मग हात धुवा, मग पट्टी घाला, थेंबाचं चिन्ह दिसलं की टोचा. मशीन बंद झालीच आणि पट्टीला रक्त लागलेलं नसेल तर पट्टी काढून तीच पुन्हा घाला, बहुतेक मशीनमध्ये चालते. ती फेकू नका.

दुसरी जागा रक्ताचा थेंब. वावरात काम करणाऱ्याच्या बोटाची कातडी जाड असते. पेनावर १ ते ५ असे आकडे असतात, आणि दुकानातून आलेला पेन बहुधा मधल्या आकड्यावर असतो. जाड बोटाला ४ किंवा ५ लागतो, घरातल्या म्हातारीच्या पातळ कातडीला २ पुरतो. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मध्यभागी नाही. मध्यभागी दुखतं जास्त आणि कापूस वेचताना, विळा धरताना तिथंच सारखं लागतं. वेचणीच्या दिवसांत बोंडांनी बोटं आधीच फाटलेली असतात, तेव्हा ज्या हाताने काम कमी त्या हाताच्या मधल्या किंवा अनामिकेच्या कडा वापरा. टोचण्याआधी कोमट पाण्याने हात धुवा, अर्धा मिनिट हात खाली सोडा, मग बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलक्या हाताने दाबत आणा. नुसतं टोक पिळलं तर रक्तासोबत पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. थेंब मोहरीच्या दाण्याएवढा झाला की पट्टीची कड थेंबाला लावायची. बहुतेक नव्या पट्ट्या रक्त स्वतः ओढून घेतात, वर थेंब ठेवायचा नसतो. रक्त कमी पडलं म्हणून मागून दुसरा थेंब लावणं काही मोजक्याच मशीनमध्ये काही सेकंदांपुरतं चालतं. बाकी ठिकाणी ती पट्टी गेली असं समजा, त्यावर आलेला आकडा धरू नका.

तिसरी जागा हात. स्पिरिटचे पॅड विकत घ्यायची गरज नाही. साबण, पाणी, आणि स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे केलेले हात पुरेत. स्पिरिट ओलं असताना टोचलं तर थेंब पातळ होतो आणि पसरतो. साबणाने नीट धुतलेल्या बोटाचा पहिला थेंब चालतो. वावरात पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

इथं संत्र्याचं वेगळं सांगायलाच हवं, कारण आमचा भाग संत्र्याचा आहे. संत्रं सोलून झाल्यावर, बोटाला रस लागलेला असताना शुगर पाहिली तर आकडा भलताच वर येतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलल्यावर हे मोजून पाहिलं होतं. फळ सोलल्यावर बोट स्पिरिटने पुसलं तरी आकडा वरच राहिला, नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो खरा आला. बहार तोडणीच्या दिवसांत, गूळ फोडताना, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढून आल्यावर, सगळीकडे हेच. पेशंट घाबरतो, दुसरी पट्टी लावतो, कोणी तर जास्तीचं इन्सुलिनही टोचून घेतो, आणि मग शुगर धोक्याइतकी उतरते. अवचित मोठा आकडा दिसला की आधी साबणाने हात धुवा, मग दुसऱ्या बोटातून एकदा पाहा. पडद्यावर आकड्याऐवजी ‘हाय’ आलं आणि हात धुऊन पुन्हा तेच आलं तर तिसरी पट्टी लावत बसू नका. बहुतेक मशीनमध्ये त्याचा अर्थ शुगर ६०० च्या वर आहे असा होतो, तेव्हा थेट दवाखाना.

सुयांवर वाचवण्यासारखं फारसं नसतं. १०० सुयांचा डबा घेतला तर एक सुई पट्टीच्या मानाने खूपच स्वस्त पडते. कंपनी सांगते एक सुई एकदाच. पुष्कळ जण स्वतःचीच सुई पुन्हा वापरतात, आणि सुई बोथट झाली की दुखतं, थेंब कमी येतो आणि १५ रुपयांची पट्टी वाया जाते. एका रुपयासाठी पंधरा घालवण्यासारखं ते आहे. एकाची सुई दुसऱ्याला मात्र कधीच नाही, पेनही नाही. नवरा-बायको असोत की भाऊ-भाऊ, कावीळ ब आणि क रक्तातून जाते आणि पेनाच्या टोपणाला लागलेलं रक्त डोळ्यांना दिसत नाही. मशीन आणि डबी एका घरात दोघांना चालते, पेन प्रत्येकाचा वेगळा, आणि मशीन प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसायची.

आता मोठी बचत जिथं होते ते: कोणी किती वेळा पाहायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका, पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते इथं सांगतो.

फक्त मेटफॉर्मिन चालू असेल आणि शुगर आटोक्यात असेल तर रोज बोट टोचून बहुतेकांना काही मिळत नाही. त्या गोळीने एकटीने शुगर धोक्याइतकी उतरणं दुर्मीळ, आणि सकाळच्या १३८ किंवा १२६ वरून त्या दिवशी कुणी काही बदलतही नाही. अशा पेशंटाने डॉक्टरकडे जाण्याच्या आधीच्या पंधरवड्यात जोड्या कराव्यात. एक जोडी म्हणजे जेवणाच्या अगदी आधी एक पट्टी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरी. दोन दिवस सकाळच्या नाश्त्याच्या, दोन दिवस दुपारच्या, दोन दिवस रात्रीच्या, म्हणजे सहा जोड्या, १२ पट्ट्या. तीन महिन्यांनी पुन्हा. शेजारच्या दोन पेशंटांकडे एकाच मॉडेलची मशीन असेल तर २५ च्या एका डबीत दोघांचं भागतं आणि एक पट्टी शिल्लक राहते. डबी ३५० रुपयांची धरली तर माणशी महिन्याला साठच्या आत खर्च येतो, तोही डबी तीन महिन्यांत संपवून. डबी मात्र एकाच घरी ठेवायची, पट्ट्या वाटून न्यायच्या नाहीत.

जोडीचा फायदा असा की आकड्यातून काही कळतं. बहुतेक मोठ्या माणसांना जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं सांगतात, वय जास्त असेल किंवा दुसरे आजार असतील तर डॉक्टर थोडं ढिलं ठेवतात. एका दिवशी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि भाजी, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भुकेचा भात, तिसऱ्या दिवशी पोहे, आणि तिन्ही दिवस जेवणाआधी-नंतर पट्टी. आकडा किती चढला ते वजाबाकीने काढा. ११८ चा १६० आणि ११८ चा २३५ यातला फरक डोळ्यांनी दिसला की ताटातला भात आपोआप कमी होतो. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे जिथं दोन्ही वेळचा भातच असतो, तिथं भात सोडण्याऐवजी त्याचं प्रमाण बदलून, अर्धं ताट भाजी-वरण करून हीच जोडी करावी. नुसता उपाशीपोटीचा आकडा महिनाभर रोज लिहून हे कधीच कळणार नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर चार-सहा पट्ट्या नेहमी राखून ठेवा. या गोळ्यांनी शुगर उतरू शकते. सकाळी गोळी घेऊन निंदणाला गेलेल्या बाईची दुपारची भाकर दोन तास पुढे गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी सुरू होते. तेव्हा मशीन जवळ असेल तर पाहा, नसेल तर पट्टीसाठी घरी येत बसू नका. आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी बरं वाटतं का पाहायचं, शक्य असेल तर मोजायचं. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

इन्सुलिनवाल्यांनी कमी पट्ट्यांत जास्त माहिती काढायची असेल तर कोणता आकडा कोणत्या डोसचा हे समजून घ्यावं. सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्सुलिन चालू असेल तर सकाळचा उपाशीपोटीचा आकडा आदल्या रात्रीच्या डोसबद्दल सांगतो आणि रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा सकाळच्या डोसबद्दल. डोस बदलला असेल तेव्हा हे दोन आकडे महत्त्वाचे. रात्री घाम येऊन जाग आली, वाईट स्वप्नं पडली, सकाळी डोकं जड असलं तर एखाद्या रात्री तीन वाजता एक पट्टी जरूर वापरा.

दोघांच्या बाबतीत पट्ट्या वाचवायच्याच नाहीत. एक, टाइप १ मधुमेह, म्हणजे इन्सुलिनशिवाय न चालणारी शुगर, असलेलं लेकरू, ज्याला दिवसातून चार किंवा जास्त वेळा मोजावं लागतं. दुसरी गरोदर बाई, जिच्यासाठी उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत अशी मर्यादा कडक असते. बाकी घराने जोड्यांवर वाचवलेल्या पट्ट्या इथं खर्च करा.

फुकट होणारी तपासणी फुकटच करून घ्या. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात आणि उपकेंद्रावर, म्हणजे आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं तिथं, शुगर आणि बीपी तपासतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथं हा निर्णय लागू नाही. ग्रामीण रुग्णालयात असंसर्गजन्य, म्हणजे शुगर-बीपीसारख्या, आजारांचा ओपीडी कोणत्या दिवशी असतो ते एकदा विचारून ठेवा. बाजाराच्या दिवशी गर्दी फार असते, बाकीच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत उपाशीपोटी पोचलं तर रक्त देऊन, मग सोबत आणलेली भाकर खाऊन, दोन तासांनी दुसरं रक्त देता येतं. घरून निघताना इन्सुलिन किंवा उतरवणारी गोळी घेऊन उपाशी बसू नका, ती भाकरीसोबत नेऊन रक्त दिल्यावर, खाण्याच्या वेळी घ्यायची. १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाच्या आसपास शिबिरंही होतात. शिबिरातला एक आकडा मात्र नोंद म्हणून ठेवा, त्यावरून औषध बदलू नका.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, खासगी लॅबमध्ये साधारण ३०० ते ६०० रुपयांना होते. सरकारी दवाखान्यात आधी विचारा. ७ टक्के आली तर सरासरी शुगर साधारण १५४ असते. आटोक्यातल्या पेशंटाला ही एक तपासणी रोजच्या पट्ट्यांच्या जागी पुष्कळ काम करते. पण विदर्भात इथं एक मोठी अडचण आहे, सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटी कमी येते. साडेसहा पाहून घर निर्धास्त होतं आणि बोटाची शुगर अडीचशे असते. फक्त वाहक असलेल्यांमध्ये लॅबच्या पद्धतीवर अवलंबून आकडा चुकू शकतो. उलट लोह कमी असलेल्या पांडुरोगात एचबीए१सी खोटी जास्त येऊ शकते. म्हणून घरात सिकलसेल असेल, लाल किंवा पिवळं कार्ड मिळालेलं असेल, तर ते डॉक्टरला आणि लॅबवाल्याला आधी सांगा. तपासणी झालेली नसेल तर १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ती सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेल असलेल्या पेशंटाला बोटाच्या जोड्याच विश्वासाच्या. रक्त फार कमी असेल तर पुष्कळ मशीन शुगर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, हेही लक्षात असू द्या. हिमोग्लोबिन सात-आठवर असताना मशीनच्या आकड्यावर डोस वाढवण्याआधी लॅबमधून एकदा खात्री करून घ्यावी.

मशीन बरोबर आहे का हे पाहायला कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे ठरलेली शुगर असलेलं द्रावण, मिळतं, पण खेड्यात ते सापडत नाही. त्याऐवजी लॅबला उपाशीपोटी रक्त द्याल तेव्हाच, पाच मिनिटांच्या आत, बोटातून आपल्या मशीनवर एक पट्टी लावा आणि दोन आकडे वहीत शेजारी लिहा. हे उपाशीपोटीच करायचं, कारण जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त शुगर दाखवतं आणि तुलना फसते. लॅबचाही एक दोष असतो. गावात घेतलेलं रक्त तालुक्याला मोटारसायकलवर जातं, आणि साध्या नळीत रक्ताच्या पेशी दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर खाऊन टाकतात, उन्हाळ्यात आणखी जोराने. तीन तासांनी लॅबने ११० सांगितलं आणि तुमच्या मशीनने १३० दाखवलं असेल तर मशीनला दोष देऊन नवी घ्यायला जाऊ नका. नमुना राखाडी बुचाच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीत घेतात का ते पाहा, आणि तुलनेचं रक्त शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्या.

बचतीच्या नावाने जे चालतं त्यातलं काही करू नये. पट्टी उभी कापून दोन करणं आताच्या पट्ट्यांना चालत नाही, आतल्या तारा तुटतात. मुदत संपलेली डबी ‘थोडीच जुनी आहे’ म्हणून घ्यायची नाही. लघवीतून शुगर पाहणं स्वस्त आहे, पण रक्तात साधारण १८० च्या वर गेल्यावरच लघवीत साखर उतरते, आणि शुगर उतरल्याचं तर त्यातून कळतच नाही. शिवाय डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर ती साखर मुद्दाम लघवीतूनच बाहेर काढते, त्यामुळे लघवीची पट्टी कायम रंगणारच. न टोचता शुगर सांगणारी मनगटी घड्याळं आणि अंगठ्या बाजारात विकायला असतात. अशा वस्तूंच्या आकड्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. त्या पैशात वर्षभराच्या पट्ट्या येतात.

वही मात्र जरूर ठेवा. मशीनमध्ये आठवण असते, पण तारीख-वेळ लावलेली नसेल तर आकड्यांचा ढीग नुसता पडून राहतो. नवी बॅटरी घातली की बऱ्याच मशीनची घड्याळं पुन्हा शून्यावर जातात, ती लगेच लावा. वहीत तारीख, जेवणाआधी की नंतर, काय खाल्लं, आणि गोळी-इन्सुलिन किती वाजता, एवढं पुरे. डॉक्टर दोन मिनिटांत वाचतील असंच लिहा.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका. शेणखतासोबत त्या वावरात जातात आणि पेरणीच्या वेळी अनवाणी पायात शिरतात, आणि शुगरवाल्याच्या पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर सुई रुतलेली कळतही नाही. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची जुनी बरणी घ्या, तिच्यावर ‘सुया’ लिहा, पट्ट्याही त्यातच टाका, आणि बरणी तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून उपकेंद्रातल्या ताईंकडे द्या.